"अर्ज तुमच्या हाताने लिहून द्या": तिसरीतल्या एका स्वमग्न मुलाच्या शाळेचं प्रकरण

या कुटुंबाबरोबर मी समुपदेशक म्हणून वर्षभर होते. ओळख पटू नये म्हणून नावं, गाव आणि काही बारीक तपशील काढले आहेत. आई-वडिलांनी मजकूर वाचून होकार दिला आहे. मुलाला इथे नुसतं 'मुलगा' म्हटलंय, कारण खोटं नाव द्यायला त्याच्या आईला आवडलं नाही.

पार्श्वभूमी

मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता. शाळा मराठी माध्यमाची, खाजगी अनुदानित, पहिली ते चौथी. ऑटिझमचं, म्हणजे स्वमग्नतेचं, निदान साडेचार वर्षांचा असताना झालेलं. वाचन उत्तम, नवीन पुस्तकं मिळाली की शाळा सुरू व्हायच्या आत वाचून संपवायचा. बोलणं मात्र तुटक. अस्वस्थ झाला की समोरच्याच्या वाक्यातला शेवटचा शब्दच परत परत म्हणायचा. दाराच्या कड्या आणि बिजागऱ्या त्याला फार आवडायच्या. कुठल्याही नव्या खोलीत गेला की आधी दार बघायचा, मग माणसं.

पहिली आणि दुसरी तशी सुरळीत गेली. दोन्ही वर्षं त्याच बाई होत्या, वर्ग तळमजल्यावर होता आणि बाई रोज सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात दिवसभराचा क्रम लिहायच्या: भाषा, गणित, सुट्टी, चित्रकला. सगळ्या वर्गासाठीच लिहायच्या. त्याला खास मदत कुणी म्हणत नव्हतं, बाईसुद्धा नाही. त्या चार ओळींवर हा मुलगा दोन वर्षं उभा होता, हे त्या ओळी गेल्यावर कळलं.

तिसरीत बाई बदलल्या. वर्गात बेचाळीस मुलं, खोली वरच्या मजल्यावर, बाहेरच्या भिंतीवर विजेची घंटा आणि आत-बाहेर करायला एकच अरुंद दार.

अडचण कशी वाढत गेली

जूनच्या शेवटी आईला पहिला फोन आला. "आज तो ऐकतच नाहीये, घेऊन जाता का?" आई अर्धी रजा टाकून गेली. पुढच्या आठवड्यात परत फोन, मग आठवड्यातून तीनदा. कधी तो बाकाखाली बसलेला असायचा, कधी वर्गाबाहेर पळालेला, एकदा त्याने दप्तर भिरकावलेलं. मग "दोन दिवस घरी राहू दे, शांत होईल" असं सुरू झालं. ऑगस्टमध्ये ठरलं की मधल्या सुट्टीपर्यंतच शाळेत बसवायचं. ठरलं म्हणजे दारात उभ्याउभ्या बोलणं झालं. कागदावर काहीच नव्हतं.

मी पहिल्यांदा हजेरी बघायला सांगितली तेव्हा धक्का बसला. ज्या दिवशी त्याला साडेअकराला घरी पाठवलं होतं, त्या दिवशीही हजेरीपटावर तो हजर होता, कारण हजेरी सकाळी घेतात. शाळेच्या दप्तरी या मुलाचं काहीच बिघडलेलं नव्हतं. आईने मोबाईलमधल्या फोनच्या नोंदी काढल्या. नऊ आठवड्यांत तेवीस फोन. शाळेतून काढण्याच्या प्रकरणांत मला सगळ्यात जास्त भीती या न लिहिलेल्या काढण्याची वाटते. त्याला तारीख नसते, सही नसते आणि दाद मागायला गेलं तर हातात काही नसतं.

सप्टेंबरमध्ये त्याने वर्गातल्या एका मुलाच्या हाताला चावा घेतला. दात उमटले होते. त्या मुलाच्या आईने लेखी तक्रार दिली: हा मुलगा वर्गात राहिला तर आमचा येणार नाही. तिचा राग खरा होता. तिचं मूल रडत घरी आलं होतं आणि शाळेतून कुणी तिला एक फोनही केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांनी आई-वडिलांना बोलावलं. स्वर मवाळ होता. "आम्ही काढत नाही आहोत हो. तुम्हीच दाखल्याचा अर्ज तुमच्या हाताने लिहून द्या, टीसी आजच देते. त्याच्या भल्याचंच सांगतेय. आमच्याकडे त्याच्यासाठी शिक्षक नाहीत."

पहिला निर्णय: तो अर्ज

वडिलांनी पेन हातात घेतलं होतं. ते थकले होते, अपमानित झाले होते आणि त्यांना तिथून उठून जायचं होतं. आई म्हणाली, "मॅडम, आम्ही उद्या देतो." पुढचं सगळं त्या एका वाक्यामुळे शक्य झालं.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ चा आहे, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याचं कलम १६ सांगतं की प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कुठल्याही बालकाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना दिली, पण काढून टाकण्यावरची बंदी तशीच राहिली. पालकांनी दाखला मागितला तर तो लगेच द्यायचा, असंही हाच कायदा म्हणतो. म्हणजे शाळेने काढलं तर बेकायदा आणि पालकांनी अर्ज केला तर रीतसर. मूल दोन्हीकडे शाळेबाहेरच, फरक फक्त कागद कुणाच्या हस्ताक्षरात आहे एवढाच. मुख्याध्यापिकांनी हे कपटाने केलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या डोक्यात बेचाळीस मुलं, एक बाई आणि एक तक्रार होती. पण परिणाम तोच झाला असता.

एक खुलासा इथेच करते. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा २००९ चा कायदा लागू होत नाही. ही शाळा तशी नव्हती. तशी असती तर आमचा भर पूर्णपणे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ वर राहिला असता.

समोरचे पर्याय

त्या रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर आई, वडील आणि मी बसलो. वडिलांचा कल दाखला घेऊन दुसरी शाळा शोधण्याकडे होता. "जिथे नको आहे तिथे का ठेवायचं?" हा प्रश्न मी कधीच उडवून लावत नाही. कधीकधी शाळा बदलणंच बरोबर असतं. पण सप्टेंबरमध्ये, हातात दुसऱ्या शाळेचा होकार नसताना आणि अडचणीचं कारण माहीत नसताना बाहेर पडलं तर नव्या शाळेतही तेच होणार होतं, फक्त दोन महिन्यांनी.

विशेष शाळेचं नाव मुख्याध्यापिकांनी सुचवलं होतं. काही मुलांना तिथे खरोखर फुलताना मी पाहिलंय. हा मुलगा मात्र वर्गाच्या अभ्यासात मागे नव्हता. त्याचं अडत होतं ते अभ्यासात नव्हतं. घरी राहून शिक्षण हाही पर्याय कुणीतरी काढला. २०१२ च्या दुरुस्तीने बहुविकलांग आणि तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ती निवड दिली आहे, पण ती निवड कुटुंबाची. शाळेने सोयीसाठी लादायची गोष्ट ती नव्हे.

शॅडो टीचरवर, म्हणजे वर्गात त्या एकाच मुलाजवळ बसून मदत करणाऱ्या माणसावर, सगळ्यात जास्त वेळ गेला. शाळेची तोंडी अट होती: स्वतःच्या खर्चाने पूर्ण वेळ शॅडो ठेवा, मगच पूर्ण दिवस. २०१६ च्या कायद्याचं कलम १६ शासनाच्या अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांना मुलाच्या गरजेनुसार वाजवी बदल आणि आधार द्यायला सांगतं, आणि असे बदल नाकारणं हा त्या कायद्यात भेदभावच धरला आहे. तेव्हा हा खर्च प्रवेशाची अट म्हणून पालकांवर टाकणं योग्य नव्हतं. पण माझी खरी काळजी वेगळी होती. सतत एक मोठं माणूस चिकटून बसलं की बाकीची मुलं त्या मुलाशी बोलायचं सोडतात आणि बाई त्याला शिकवायचं सोडतात. थोड्या दिवसांसाठी, ठरलेल्या तासांना मदत, एवढंच आम्ही मान्य करायचं ठरवलं.

शेवटचा पर्याय तक्रारीचा. २००९ च्या कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, तिचा निकाल तीन महिन्यांत लागायला हवा, पुढे राज्य बालहक्क आयोगाकडे अपील. दिव्यांग हक्कांसाठी राज्य आयुक्त आहेतच. आईला थेट तिथेच जायचं होतं. मी थांबवलं. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत मुलाला रोज याच बाईंच्या वर्गात बसायचं होतं, आणि बाई अजून आपल्या बाजूला आणता येतील असं मला वाटत होतं. ठरलं असं: आधी पत्र, पंधरा दिवस वाट, मग तक्रार. तारीख कॅलेंडरवर लिहिली, म्हणजे वाट बघणं नुसतंच लांबत जाणार नाही.

काय केलं

पत्र एका पानाचं होतं. मुलाला वेळेआधी घरी पाठवलं त्या तारखा आणि कारणं लेखी मिळावीत. अर्ध्या दिवसाचा निर्णय कुणी घेतला आणि तो कोणत्या तारखेपर्यंत आहे, ते कळवावं. त्याच्यासाठी करायच्या बदलांवर बैठक ठरवावी, आम्ही दोघं येऊ. दोन्ही कायद्यांचा उल्लेख एका ओळीत, धमकीचा शब्द नाही. आणि पहिलंच वाक्य: "आम्ही दाखल्यासाठी अर्ज करत नाही आहोत." कार्यालयात पोच द्यायला टाळाटाळ झाली, तेव्हा आईने तेच पत्र स्पीड पोस्टाने पाठवलं आणि एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना दिली.

सहाव्या दिवशी बैठक ठरली. तारखा लेखी द्यायच्या म्हटल्यावर शाळेलाही पहिल्यांदाच मोजायला लागलं होतं आणि आकडा पाहून मुख्याध्यापिका गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "इतक्या वेळा?" मला वाटतं, त्या क्षणापासून त्या आमच्याशी भांडायचं थांबल्या.

बैठकीत प्रमाणपत्राचा मुद्दा निघाला: यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नाही, मग सवलती कशा द्यायच्या? वडिलांनी मुलावर शिक्का नको म्हणून ते काढलंच नव्हतं. चाळीस टक्क्यांचं प्रमाणित दिव्यांगत्व काही लाभांसाठी लागतं. २०१६ च्या कायद्याच्या कलम १६ मधली शाळेची जबाबदारी मात्र दिव्यांग बालकांबद्दल आहे, तिथे टक्क्यांची अट नाही. डॉक्टरांचा निदानाचा कागद पुरेसा होता. तरीही मी कार्ड काढायचा आग्रह धरला, कारण पुढे माध्यमिक शाळेत आणि बोर्डाच्या परीक्षेत रोज नवा वाद घालायला नको. वडिलांनी दोन आठवड्यांनी होकार दिला.

गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षिका दोनदा येऊन वर्गात बसल्या. त्यांनी बाईंना एक वही दिली, एका प्रसंगाला एकच ओळ: आधी काय चाललं होतं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. बाई म्हणाल्या, "बेचाळीस मुलांत हे कधी लिहू?" ठरलं की फक्त वेळ आणि एक शब्द लिहायचा, उरलेलं सुट्टीत सांगायचं. चार आठवड्यांत एकोणीस ओळी झाल्या. त्यातल्या तेरा घंटेच्या आगेमागे होत्या.

आमची चूक, आणि ती कशी कळली

घंटा! आम्हा सगळ्यांना उत्तर मिळालं असं वाटलं. आवाज सहन न होणं ऑटिझममध्ये नेहमीचंच. आईने आवाज अडवणारे हेडफोन आणले. प्रसंग थोडे कमी झाले, मग एका आठवड्यात परत वाढले. हेडफोन लावलेला असल्यामुळे त्याला बाईंची "रांग करा" ही हाक ऐकू जात नव्हती, मुलं मागून ढकलायची आणि तो दचकायचा. एकदा त्याने पुढच्या मुलीचे केस ओढले.

मग विशेष शिक्षिकांनी जे आम्ही पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. त्यांनी मुलाला विचारलं. शाळेच्या दिवसाची दहा चित्रं समोर मांडली आणि दोन डबे ठेवले, एक 'बरं', एक 'नको'. घंटेचं चित्र त्याने 'बरं' मध्ये टाकलं. रांगेचं चित्र 'नको' मध्ये टाकलं, परत उचललं, उलटं केलं आणि पुन्हा 'नको' मध्ये दाबून ठेवलं. घंटा त्याला नकोशी नव्हतीच. घंटेनंतर बेचाळीस मुलं त्या एकाच अरुंद दाराशी गोळा व्हायची, ते त्याला सोसत नव्हतं. चावाही तिथेच झाला होता. तो दाराची कडी बघत थांबला होता आणि मागच्याने त्याचा हात ओढून बाजूला केला होता.

दुसरा धागा शाळेतल्या सेविका मावशींनी दिला. त्यांना कुणी बैठकीला बोलावलंच नव्हतं. जिना पुसताना त्या आईला म्हणाल्या, "ताई, तो आधी गुणगुणतो. मग डावा पाय आपटतो. तेव्हा कुणी बोललं की संपलं. गप्प बसलं तर निवतो." चार तज्ज्ञ वह्या भरत होते आणि ही गोष्ट मावशींना जूनपासून माहीत होती. असं मूल चिडतं तेव्हा लक्ष वेधायला चिडतं असं वाटतं, म्हणून मोठी माणसं समजावत राहतात. पण हा मेल्टडाऊन असतो, म्हणजे सहन न होऊन ताबा सुटणं, आणि त्यात डोकं आधीच भरलेलं असतं. प्रत्येक समजावणीचं वाक्य त्यात आणखी भर घालतं.

एक पानाची योजना

यानंतरची योजना साधी होती. रांगेत तो सगळ्यात शेवटी, दार उघडं धरायचं काम त्याचं. कडी त्याच्या हातात आली आणि गर्दी त्याच्या पुढे गेली. फळ्याच्या कोपऱ्यात दिवसाचा क्रम परत आला. तास बदलणार असेल किंवा बाई रजेवर असतील तर त्या ओळीसमोर पिवळं 'बदल' कार्ड लावायचं. उरलेल्या सहा प्रसंगांपैकी चार अशाच अचानक आलेल्या ऑफ तासांचे होते. गुणगुणणं सुरू झालं की बोलायचं नाही, फक्त 'बाहेर' कार्ड बाकावर ठेवायचं. मग तो वाचनाच्या कपाटापाशी जाऊन बसेल, दहा मिनिटांनी स्वतः येईल. डायरीत रोज एक ओळ, आणि ती ओळ तक्रारीची नसेल.

दुसरा महत्त्वाचा निर्णय अर्ध्या दिवसाचा. शाळेला "हळूहळू वाढवू" असं हवं होतं. हळूहळू वाढवायला माझा विरोध नव्हता, पण शेवटची तारीख नसलेला अर्धा दिवस म्हणजे अर्धं काढणंच. आम्ही तीन आठवड्यांची तारीख लिहून घेतली आणि दर आठवड्याला एक तास वाढवला.

वर्गाला काय सांगायचं, यावर आई-वडिलांचं एकमत व्हायला वेळ लागला. शेवटी निदानाचं नाव न घेता बाईंनी मुलांना सांगितलं: त्याला मागून हात लावला की खूप त्रास होतो, हाक मारायची असेल तर पुढे येऊन मारा. मुलांनी ते दोन दिवसांत आत्मसात केलं, मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर.

काय झालं

पूर्ण दिवस तीन आठवड्यांत नाही, पाचव्या आठवड्यात सुरू झाला. डिसेंबरमध्ये आईला शाळेतून एकही फोन आला नाही. जानेवारीत एका नव्या बदली शिक्षकांनी 'बाहेर' कार्ड काढून घेतलं आणि त्या दिवशी परत चावा झाला. या वेळी मुख्याध्यापिकांनी त्याच दुपारी दोन्ही घरी फोन केला, दुसऱ्या दिवशी बैठक घेतली आणि दाखल्याचं नावही निघालं नाही. तक्रार करायची वेळ आलीच नाही.

सगळं सावरलं असं नाही. गणितात तो मागे पडला, कारण गणिताचा तास मधल्या सुट्टीनंतर असायचा आणि अर्ध्या दिवसाच्या काळात तो पूर्ण बुडाला. वार्षिक परीक्षेपर्यंतही ती तूट भरली नाही. पहिल्या चाव्याच्या मुलाच्या आईने आपल्या मुलाची तुकडी बदलून घेतली आणि ती अजूनही या आईशी बोलत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

मुलाला पहिल्या आठवड्यात विचारायला हवं होतं. तुटक बोलतो म्हणून त्याला सांगता येणार नाही, असं मीही धरून चालले, आणि माझ्या व्यवसायात ही चूक क्षम्य नाही. मावशींना बैठकीला बोलवायला हवं होतं. पहिल्या फोनपासून तारखा लिहायला हव्या होत्या, म्हणजे ऑगस्टमध्येच हातात आकडा असता. घरी नेण्याच्या प्रत्येक वेळी आईने "आज ११.३० ला तुमच्या सांगण्यावरून घेऊन गेले" एवढा संदेश मुख्याध्यापिकांना पाठवला असता, तरी पुरलं असतं.

ज्याला चावा बसला त्याच्या आईकडे मी जायला हवं होतं. शाळेने जावं म्हणून वाट बघत राहिले आणि शाळा माझी वाट बघत राहिली. त्याच संध्याकाळी कुणीतरी तिच्या मुलाचा हात बघायला गेलं असतं, तर ती तक्रार कदाचित वेगळ्या शब्दांत आली असती.

दुसरीच्या बाईंना कुणी विचारलं नाही, हेही मला टोचतं. त्या याच शाळेत, खालच्या मजल्यावर होत्या. जूनमध्ये नव्या बाई त्यांच्याकडे दहा मिनिटं बसल्या असत्या तर फळ्याच्या कोपऱ्यातल्या ओळी वर गेल्या असत्या. म्हणून चौथीसाठी मार्चमध्येच भेट ठरवली. तिसरीच्या आणि चौथीच्या बाई, आई आणि मुलगा असे चौघं नव्या वर्गात गेले. मुलाने आधी दार पाहिलं, कडी दोनदा वर-खाली केली. मग खिशातून पिवळं कार्ड काढून फळ्याच्या कोपऱ्यात ठेवलं.

शाळा चौथीपर्यंतच आहे. पाचवीला दुसरी शाळा, तिथे प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक असतील. आईने त्या शाळेला पहिलं पत्र आत्ताच लिहून ठेवलंय, पोच घ्यायच्या दुसऱ्या प्रतीसकट.